ऑब्सिडियनमध्ये मराठी टिपणं: बोल्ड आणि इंडेंटची परीक्षा

इंदूरच्या मराठी माणसाच्या वहीत मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकाच पानावर सुखाने नांदतात. ऑब्सिडियन या टिपणं लिहिण्याच्या ॲपमध्येही तसं चालतं. टिपणं आपल्याच फोल्डरमध्ये साध्या टेक्स्ट फाइली म्हणून राहतात, नोटपॅडमध्येसुद्धा उघडतात. ॲप मोफत आहे. सगळ्या उपकरणांवर टिपणं जुळवणारं ऑब्सिडियनचं स्वतःचं सिंक हवं असेल तर पैसे मोजायचे.

मराठीची खरी कसोटी बोल्डमध्ये लागते, कारण आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. कंट्रोल आणि बी दाबलं की निवडलेल्या मजकुराभोवती दोन-दोन तारे बसतात. **इंदूर**मध्ये असं लिहिलं तर फक्त ‘इंदूर’ ठळक होतं आणि ‘मध्ये’ साधं राहतं, म्हणजे हवं तसंच. ताऱ्यांऐवजी दोन अधोरेषा वापरल्या, __इंदूर__मध्ये, तर काहीच ठळक होत नाही. ऑब्सिडियन ज्या खुणांच्या पद्धतीने मजकूर सजवतं, त्या मार्कडाउनमध्ये शब्दाच्या मधोमध आलेली अधोरेषा खूण म्हणून धरत नाहीत. मराठीत लिहिणाऱ्याने अधोरेषेच्या वाटेला जाऊच नये.

अवतरणचिन्हांची अडचण याहून नाजूक आहे. **‘सराफा’**तली गर्दी असं लिहिलं तर कॉमनमार्क या मार्कडाउनच्या प्रमाणित नियमावलीनुसार बोल्ड बंदच होत नाही: शेवटच्या ताऱ्यांच्या आधी विरामचिन्ह आणि लगेच पुढे अक्षर, असं चालत नाही. चिन्हं ताऱ्यांच्या बाहेर काढा, ‘**सराफा**’तली, की प्रश्न मिटला. कंसाचंही हेच. ताऱ्यांच्या आतल्या बाजूला मोकळी जागाही नको. फोनवर कीबोर्डने सुचवलेला शब्द निवडला की पुढे आपोआप जागा पडते आणि **राजवाडा ** असे तारे नुसतेच दिसत राहतात. ती जागा खोडली की झालं.

इंडेंट मात्र समजून घेतल्याशिवाय जमत नाही. परिच्छेदाची पहिली ओळ आत घ्यायची म्हणून टॅब किंवा चार जागा दिल्या, तर मार्कडाउन तिला कोड समजतं: फॉन्ट बदलतो, बोल्डचे तारे जसेच्या तसे दिसतात. हे कधी होतं, कधी होत नाही, म्हणून माणूस गोंधळतो. कारण सोपं आहे. वर रिकामी ओळ असेल तर कोड होतो. वरच्या परिच्छेदाला लागूनच ओळ असेल तर ती त्याचाच भाग धरली जाते. नुसता समास हवा असेल तर ओळीच्या सुरुवातीला > टाका.

लिस्टमध्ये इंडेंट चोख चालतं. गणेशोत्सवाच्या हिशोबात ‘- खर्च’ लिहून पुढच्या ‘- मंडप’वर टॅब दाबा, तो आत जातो, शिफ्ट-टॅबने बाहेर येतो. फोनवर कीबोर्डच्या वरच्या पट्टीत यासाठी बटणं आहेत. जागा मोजून देत असाल तर जपा. रेघेच्या लिस्टखाली दोन जागा पुरतात, आकड्यांच्या लिस्टखाली तीन लागतात आणि दहाव्या कलमापासून चार. टॅब चारचा ठेवला की तिन्ही ठिकाणी निभावतं, म्हणून मी टॅबच सुचवेन. कलमाखाली दुसरा परिच्छेद हवा असेल तर मध्ये रिकामी ओळ सोडून तोही तेवढाच आत घ्यावा, नाहीतर तो लिस्टबाहेर पडतो.

आणि हो, ‘१.’ लिहून लिस्ट होत नाही. मार्कडाउन फक्त इंग्रजी आकडे ओळखतं. पोह्यांच्या कृतीला देवनागरी क्रमांक दिले तर त्या नुसत्या ओळी राहतात, टॅबने उपकलमं होत नाहीत. मराठीसाठी ही उणीव खरोखर खटकते.

बोल्ड चिकट, भरल्यासारखं दिसत असेल तर दोष फॉन्टचा असतो. टिरो देवनागरी मराठी सुंदर आहे, पण त्यात ठळक वजनच, म्हणजे जाड अक्षरांचा वेगळा संचच, नाही. मग ॲप अक्षर नुसतं जाड करतं आणि जोडाक्षरांतल्या पोकळ्या बुजतात. सेटिंग्जमधल्या अपिअरन्समध्ये टेक्स्ट फॉन्ट म्हणून ‘मुक्त’ (Mukta) नावाचा फॉन्ट निवडा. त्यात सात वजनं आहेत, आणि ‘क्ष’, ‘ष्ट’सुद्धा ठळक असताना स्वच्छ वाचता येतात.