एजन्सीमार्फत पहिलं कंत्राटी काम: माणसं चांगली, पैसे उशिरा

काम मिळवून देण्यात या एजन्सीचा हात कुणी धरणार नाही, हे आधी सांगून टाकते. नाव मुद्दाम देत नाहीये. एकतर अजून त्यांच्यामार्फतच काम करतेय, आणि दुसरं म्हणजे हे प्रकार फक्त त्यांच्याकडेच चालतात असंही नाही.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली. बरीच वर्षं पगारी नोकरी झाली, मग कंत्राटावर जायचं ठरवलं. एजन्सीचा रिक्रूटर चुणचुणीत निघाला. मुलाखतीत काय विचारतील ते आधी सांगितलं, झाल्यावर त्याच संध्याकाळी फोन केला, आणि मी सांगितलेला दर क्लायंटकडून, म्हणजे जिथे काम करायचं त्या कंपनीकडून, घासाघीस न होऊ देता मान्य करून आणला. त्याला पाचपैकी पाच तारे, मनापासून.

करारावर सही झाली आणि मी त्याच्याकडून ऑनबोर्डिंग टीमकडे, म्हणजे नव्या माणसाची कागदपत्रं करणाऱ्यांकडे, वर्ग झाले. इथून पुढे एजन्सीचा चेहराच वेगळा.

कागद मागतात त्याबद्दल तक्रार नाही. परक्या माणसाला क्लायंटच्या सिस्टिममध्ये घुसवायचं तर ओळखपत्र, पत्ता, बँकेचा पुरावा, आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, गोपनीयतेचा करार हे सगळं लागणारच. वैताग येतो तो यादी एकदम न देण्याचा. एक कागद दिला की त्यांना दुसरा आठवतो. प्रत्येक मेल वेगळ्या माणसाकडून, आणि आधीच्या माणसाला काय दिलंय ते याला ठाऊक नाही. पोर्टलवर फाइल चढवली की स्टेटस ‘अंडर रिव्ह्यू’. ते एकदा तिथे बसलं की आपणहून हलत नाही, मेल करून हलवावं लागतं.

माझी गाडी अडली नावावर. करारावर माझं मधलं नाव पूर्ण आहे, बँकेच्या खात्यावर त्याचं नुसतं आद्याक्षर. पोर्टल म्हणालं, ‘तपशील जुळत नाही’. कुठला तपशील, ते नाही. मी आधी खाते क्रमांक तपासला, मग शाखेचा कोड, मग पत्त्यातला स्वल्पविराम. शेवटी फोनवर एका भल्या माणसानं सांगितलं, ‘मॅडम, नावात टिंब आहे ना, सिस्टिम टिंब घेत नाही.’ बँकेकडून पूर्ण नावाचं पत्र आणलं तेव्हा सुटलं.

हे टिंब हसण्यावारी नेता आलं असतं. पण व्हेंडर कोड, म्हणजे त्यांच्या सिस्टिममधला माझा नंबर, तयार होईपर्यंत इन्व्हॉइस (माझं बिल) दाखलच होत नाही, आणि दाखल झाला नाही तो आलाच नाही असं धरतात. म्हणजे मी काम करतेय, क्लायंट खूश आहे, टाइमशीटवर (किती काम केलं त्याच्या तक्त्यावर) सही आहे, आणि एजन्सीच्या हिशेबात मी अजून जन्मलेली नाही!

आता मुख्य मुद्दा. करारात लिहिलं होतं ‘पेमेंट ३० दिवसांत’. नोकरीतून येणाऱ्या माणसाला ते वाचून हायसं वाटतं: महिना तर महिना. तीस दिवस त्यांनी पाळलेही, खोटं कशाला बोलू. गोम आहे ती ते कुठून मोजायचे यात. यांच्याकडे मोजणी सुरू होते बिनचूक इन्व्हॉइस पोर्टलवर स्वीकारला गेला त्या तारखेपासून. एक तारखेला केलेल्या कामाचं काय होतं बघा. टाइमशीट महिनाअखेर. क्लायंटच्या मॅनेजरची मंजुरी, आठवडा धरा. ती आल्याशिवाय इन्व्हॉइस नाही. मग ३० दिवस. मग पेमेंट त्याच दिवशी नाही, पंधरवड्याच्या पे-रनला, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकदम सोडतात तेव्हा. म्हणजे त्या एक तारखेच्या कामाचे पैसे हातात पडायला ७० ते ८० दिवस, तेही सगळं सुरळीत झालं तर. मॅनेजर सुट्टीवर असेल आणि त्यानं आपले अधिकार दुसऱ्या कुणाला दिले नसतील, तर टाइमशीट तो परत येईपर्यंत पडून राहते. पहिले पैसे आले तेव्हा माझं तिसऱ्या महिन्याचं काम सुरू होतं.

विचारल्यावर अकाउंट मॅनेजरचं उत्तर ठरलेलं: ‘इंडस्ट्रीत सगळीकडे असंच असतं.’ सगळीकडे असतं हे खरं, पण सगळीकडे ते चालवून घेतात असं नाही. ब्रिटनमध्ये उशिराच्या पेमेंटवर बेस रेटपेक्षा (तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या मूळ व्याजदरापेक्षा) ८ टक्के जास्त दरानं व्याज मागता येतं, १९९८च्या कायद्यानं. न्यूयॉर्क शहरात २०१७पासून फ्रीलान्सरच्या करारात तारीख लिहिलेली नसेल तर काम संपल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. आणि मला सगळ्यात आवडला तो भारताचा २००६चा एमएसएमईडी कायदा, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा. नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून सेवा घेतली, तर करारात काहीही लिहा, मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. हे दिवस धरायचे सेवा स्वीकारल्यापासून. सेवा दिल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर ती दिली त्याच दिवशी स्वीकारली असं मानायचं. कुणाच्या पोर्टलवर काय हिरवं झालं याच्याशी संबंध नाही. ज्यानं हे कलम लिहिलं त्यानं कधीतरी बिलाच्या मागे चपला झिजवल्या असणार.

एजन्सीची बाजूही समजून घेतली. क्लायंट त्यांना आणखी उशिरा देतो, आणि त्या मधल्या काळात पदरचे किंवा कर्जाचे पैसे घालून कंत्राटदारांना द्यायचे हाच तर त्यांचा धंदा. माझ्या दरावर त्यांचं मार्जिन (त्यांचा वाटा) आहे ते त्याचसाठी. त्यामुळे ‘क्लायंटकडून आले की देऊ’ असं वाक्य करारात दिसलं तर सही करू नका. मग ते मार्जिन नेमकं कशाचं घेतात? माझ्या करारात ते वाक्य नव्हतं, पण फोनवर मात्र दोनदा ऐकवलं.

एक सोय त्यांनी फार कौतुकानं सांगितली. २ टक्के कापून घ्या, पैसे २० दिवस आधी. ऐकायला किरकोळ. वर्षाच्या हिशेबानं मांडलं तर हे व्याज ३७ टक्क्यांच्या आसपास जातं. माझेच पैसे मला या दरानं! नको म्हटलं.

कंत्राट वाढवायची वेळ आली तेव्हा क्लायंटला मी हवी होते, म्हणून एजन्सी ऐकायच्या मनःस्थितीत होती. मी तीन गोष्टी मागितल्या. सेल्फ-बिलिंग, म्हणजे मंजूर टाइमशीटवरून इन्व्हॉइस एजन्सीनंच बनवायचा, म्हणजे बिनचूक नसल्याची भानगडच नको. दुसरी, पाच कामाच्या दिवसांत टाइमशीटवर हरकत आली नाही तर ती मंजूर समजायची आणि ३० दिवस तिथून मोजायचे. तिसरी, उशीर झाला तर व्याज. पहिल्या दोन त्यांनी फारशी खळखळ न करता दिल्या, यावरून मला वाटतं की मागणारे कमी असावेत. व्याजाचं कलम त्यांच्या लीगलनं खोडलं. आता पैसे बऱ्यापैकी वेळेवर येतात.

तर पहिल्यांदा कंत्राटावर जात असाल तर या असल्या एजन्सीकडे जा, काम चांगलं मिळेल. फक्त तीन महिन्यांचा खर्च बाजूला असू द्या, आणि सहीच्या आधी तीन प्रश्न मेलवर विचारा: दिवस कुठल्या तारखेपासून मोजता, टाइमशीट कोण मंजूर करतं, आणि तो माणूस नसला तर कोण. फोनवर विचारू नका. फोनवर सगळे ‘हो मॅडम’ म्हणतात.

एकूण तारे तीन. पोर्टलला वेगळे द्यायची सोय असती तर एक दिला असता.