बेळगावच्या बाजारातली कोरफड, हळद आणि कोकमाची क्रीम: तपासल्यावर काय दिसलं

डबीवर कोरफडीचं पान मोठं छापलंय म्हणून आत कोरफड जास्त असते असं नाही. खडेबाजार आणि गणपत गल्लीतली दुकानं, काष्ठौषधीवाले आणि खानापूर भागातल्या स्त्रीशक्ती संघांचे (महिला बचत गटांचे) स्टॉल, अशा तिन्ही ठिकाणची क्रीम आणि जेल आम्ही सारख्याच पद्धतीने तपासली. निकाल आधीच सांगून टाकतो. वनस्पती कोणती यापेक्षा ती कशात कालवलीय आणि माल टिकावा म्हणून काय घातलंय, यावर सगळं ठरतं. कोकमतेलाचा बिनपाण्याचा बाम सरस ठरला, तर हिरव्यागार कोरफड जेलने निराशा केली.

कोरफडीचा गर मुळात पारदर्शक असतो आणि त्यात जवळजवळ ९९ टक्के पाणी असतं. त्यामुळे जेल पोपटी दिसलं की घटकांची यादी वाचायची. 'सीआय १९१४०' म्हणजे पिवळा रंग, 'सीआय ४२०९०' म्हणजे निळा. दोन्ही मिळून हिरवा. 'कोरफड ९९ टक्के' हा दावा मात्र लगेच खोटा ठरवू नये. २०० पट आटवलेली पूड अर्धा टक्का घातली तरी हिशेबाने तो पूर्ण रस भरतो. ती पूड किती चांगली, हे लेबल सांगत नाही.

जेलचा दाटपणाही बहुतेक वेळा गराचा नसून कार्बोमर या कृत्रिम घट्टकाचा असतो. बशीत चमचाभर जेल घ्या, वर चिमूटभर मीठ टाका आणि काडीने ढवळा. कार्बोमरचं जेल बघता बघता पाणी होतं. त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना दूर ढकलतात आणि मधे पाणी धरून ठेवतात. मीठ पडलं की ते ढकलणं संपतं आणि पाणी सुटतं. घामेजल्या अंगावरही हेच होतं. यात वाईट काही नाही, जेल लवकर जिरतं एवढंच. पण वनस्पतीच्या अर्कातही क्षार असतात. म्हणून नुसत्या कार्बोमरवर उभं असलेलं, अगदी घट्ट जेल 'भरपूर अर्क' असल्याचं सांगत असेल तर आमचा विश्वास बसत नाही. झँथन गम या डिंकासारख्या घट्टकाचं जेल मिठाला दाद देत नाही. बोटाला किंचित तार सुटते, पण आमची पसंती त्यालाच.

हळदीच्या क्रीमसाठी वेगळी परीक्षा लागते, आणि तिचं सामान पानाच्या टपरीवर मिळतं. पांढऱ्या कागदावर क्रीम पातळ फासा आणि कडेला चुन्याच्या निवळीचा एक थेंब सोडा. हळद असेल तर डाग तांबडा होतो; हळदीचं कुंकू होतं ते याच गुणामुळे. नुसता पिवळा रंग घातला असेल तर डाग पिवळाच राहतो. मात्र ज्यात फक्त हळदीचं तेल किंवा पांढरा टेट्राहायड्रोकर्क्युमिन (हळदीच्या रंगद्रव्यापासून केलेला बिनरंगी घटक) आहे, त्या क्रीमला ही परीक्षा लावू नका. तिथे तांबडं होण्यासारखं काही नसतंच.

पीएच, म्हणजे क्रीम किती आम्ल किंवा अल्कली आहे ते, बघायला ४ ते ९ दाखवणारी पट्टी पुरते. १ ग्रॅम क्रीम ९ मिली डिस्टिल्ड पाण्यात नीट फेटून घ्यायचं, मगच पट्टी बुडवायची. थेट क्रीमवर टेकवलेली पट्टी चुकीचा आकडा दाखवते. भारतीय मानक आयएस ६६०८ मध्ये स्किन क्रीमला ४ ते ९ अशी मोकळीक आहे. त्वचेचा स्वतःचा पीएच साधारण ४.५ ते ५.५. स्टिअरिक आम्ल आणि अल्कली वापरून केलेली जुन्या धाटणीची व्हॅनिशिंग क्रीम ७ च्या वर जातात. तिथे हळद टिकत नाही, डबीच्या काठाशी तपकिरी वलय दिसू लागतं. शिवाय सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट ही संरक्षकं (प्रिझर्व्हेटिव्ह) साधारण ५.५ च्या खालीच नीट काम करतात. यादीत बेंझोएट आणि पट्टीवर ७.५ असेल, तर त्या क्रीमला राखणदार नाही असंच धरा.

घरगुती मालाचा खरा घोळ इथेच आहे. 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही' हे अभिमानाने छापलेलं असतं, आणि आत गुलाबपाणी, कडुनिंबाचा काढा, कोरफडीचा ताजा गर. पाणी आहे तिथे बुरशी येणारच, खानापूरच्या पावसाळी हवेत तर लवकरच. झाकणाच्या आतल्या वळ्यात काळे ठिपके दिसले की वरचा थर काढून उरलेलं वापरायचं नाही, अख्खी डबी टाकायची. 'व्हिटॅमिन ई घातलंय' हे उत्तर आम्हाला पटत नाही. ते तेल खवट होऊ देत नाही, जंतूंना अडवत नाही. मेहनती बायकांचा माल एवढ्यावरून बाद होऊ नये असं मनापासून वाटतं. १ टक्क्यापर्यंत फिनॉक्सीइथेनॉल हे संरक्षक कायद्याने चालतं. ते घालावं, आणि डबीऐवजी ट्यूब वापरावी.

त्याच बायकांचा कोकमतेलाचा, म्हणजे मुठेलाचा बाम मात्र नाव घेण्यासारखा आहे. मुठेल, तीळतेल, मेण, बस्स. पाणी नाही, म्हणून संरक्षकाची गरज नाही. ओल्या बोटांनी घ्यायचा नाही, एवढं पथ्य. उसाच्या पात्याने चिरलेल्या हातांना आणि हिवाळ्यात भेगाळलेल्या टाचांना तो क्रीमपेक्षा जास्त वेळ धरून राहतो. रात्री पाय धुऊन, थोडे ओलसर असतानाच चोळावा. दोष उन्हाळ्यातला. मुठेल ३८ ते ४० अंशांना वितळतं, त्यामुळे अथणी-चिकोडीच्या मे महिन्यात गाडीत राहिलेली डबी तेल होते आणि हळू थंड झाली की रवाळ होते. पुन्हा वितळवून लगेच फ्रिजमध्ये ठेवली की मऊ येते. कडुनिंबाच्या जेलबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. अल्कोहोल यादीत वर असेल तर कोरड्या त्वचेने दूर राहावं.

क्रीम फाटतं का, हे बघायला थोडं बाटलीत भरून ४५ अंशांवर ४८ तास ठेवतात. मानकातली चाचणी तीच आहे. वर तेल तरंगलं किंवा तळाशी पाणी साठलं तर नापास.

लेबल वाचताना एक फरक ध्यानात ठेवा. आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर बनलेल्या मालावर प्रत्येक वनस्पतीचं प्रमाण छापावं लागतं. सौंदर्यप्रसाधनावर फक्त उतरता क्रम असतो, आणि १ टक्क्याखालचे घटक कुठल्याही क्रमाने येतात. मंजिष्ठा फिनॉक्सीइथेनॉलच्या मागे असेल तर ती बहुधा नावापुरतीच.

नवं काहीही तोंडाला फासण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, आठवडाभर लावा. लावताक्षणी आग झाली तर तो दाह. दोन-तीन दिवसांनी खाज आणि पुरळ उठलं तर ॲलर्जी. 'नैसर्गिक' सुगंधी तेलांनीही ती होते. पुरळ पसरलं तर डबी सोबत घेऊनच डॉक्टर गाठा, शहापुरातल्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेलात तरीही.

जत्रेत बिनलेबलाच्या डबीत मिळणारं 'जडीबुटीचं' गोरेपणाचं मलम आम्ही तपासणीत घेतलंच नाही. चार दिवसांत डाग घालवणाऱ्या अशा मलमात स्टिरॉइड किंवा पारा असू शकतो, आणि तो घरच्या कुठल्याही पट्टीवर दिसत नाही.