इंग्रजी–रोमेनियन कारागिरी शब्दपुस्तिका : आठ महिने खिशात ठेवल्यावर

गेल्या आठवड्यात हॉटेलच्या तळघरात गरम पाण्याच्या लाइनचे वायसर गेले. दुकानात गेलो, नमुन्याचा एक वायसर काउंटरवर ठेवला आणि सहा बोटं दाखवली. पुस्तिका खिशातच होती. पंचेचाळीस लेई (रोमानियाचं चलन) देऊन घेतलेली वस्तू खिशात असताना माणूस बोटं दाखवत असेल, तर त्यावर लिहायलाच पाहिजे.

मी आयटीआय फिटर. चाकणला काम केलं, आता रोमानियातल्या क्लुज शहरात मेंटेनन्सला आहे. रोमानियाने २०२२ मध्ये बाहेरच्या कामगारांचा वर्षाचा कोटा एक लाखावर नेला, तेव्हापासून आपली माणसंही इकडे बरीच आली. पुस्तिकेची रचना अशी : डावीकडे इंग्रजी, उजवीकडे रोमेनियन, वर चित्र.

पहिला राग इंग्रजी रकान्यावर. सगळं अमेरिकन. आपण पाना, नळ, वायसर म्हणत वाढलो; त्यातून कसंबसं स्पॅनर आणि टॅपपर्यंत आलो, तर इथे 'रेंच' आणि 'फॉसेट'. म्हणजे आधी इंग्रजीचं इंग्रजी करा, मग रोमेनियन. दोन महिन्यांनी हा राग गेला, कारण इंग्रजी रकाना मी बघणंच सोडलं. चित्र बघायचं आणि उजवीकडचा शब्द वाचायचा. चित्रं खरंच चांगली आहेत. ॲडजस्टेबल पाना, म्हणजे इथला 'केये फ्रान्चेझा', त्याचा जबडा कुठल्या बाजूला फिरतो तेही दिसतं.

खरा घोळ वेगळाच आहे. पुस्तिकेत प्रत्येक वस्तू एकच आहे! स्क्रू 'शुरुब', खिळा 'कुय', पाइप 'त्स्यावा', वायसर 'गार्नितूरा'. अनेकवचन कुठेच नाही. अहो, एक स्क्रू कोण विकत घेतं? दुकानात लागतात ते 'शुरुबुर', 'कुये', 'त्सेव', 'गार्नितुर'. नुसता शेवट बदलला असता तरी चाललं असतं. इथे 'त्स्यावा'चं 'त्सेव' होताना पोटातला स्वरही बदलतो. ओळखायचं कसं?

त्यात लिंग. आपल्यासारखीच तीन लिंगं त्यांनाही आहेत, पण त्यांचं नपुंसकलिंग एकवचनात पुल्लिंगासारखं वागतं आणि अनेकवचनात स्त्रीलिंगासारखं. एक स्क्रू 'उन शुरुब', दोन झाले की 'दोवा शुरुबुर'. पक्कड मात्र पक्की पुल्लिंगी, म्हणून दोन पकडी 'दोय क्लेश्त'. वीस किंवा जास्त घ्यायचे असतील तर मध्ये 'दे' घालायचा : 'दोवाझेच दे शुरुबुर'. शब्दापुढे लिंगाचं एक अक्षर आणि अनेकवचन छापलं असतं तर कागद किती वाढला असता? पण छापणाऱ्याने शेवटची चार पानं 'नोंदी' म्हणून कोरी सोडली आहेत.

देदेमानसारख्या मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात हा प्रश्न येत नाही. १९९२ मध्ये बाकाऊला सुरू झालेली ही साखळी आता देशभर आहे. रॅकवरून उचलायचं, ट्रॉलीत टाकायचं, तोंड उघडायची गरज नाही. पण गल्लीतल्या छोट्या दुकानात माल काउंटरच्या मागे असतो. तिथे फिटिंगचं माप इंचात चालतं, इंचाला 'त्सोल'. अर्धा इंची 'जुमाताते', पाऊण इंची 'त्रेय स्फेर्तुर'. हे ऐकून मला घरी आल्यासारखं वाटलं. पुस्तिकेत मात्र फक्त मिलिमीटर.

आता उलटी बाजू. हिवाळ्यात खोलीवरच्या बॉयलरचा, म्हणजे 'चेन्त्राला'चा दाब सारखा उतरायला लागला. थंड असताना एक ते दीड बार हवा, सकाळी बघतो तर अर्ध्यावर. तेव्हा पहिल्यांदा मागचं क्रियापदांचं पान उघडलं. एकच पान. 'कुर्जे' म्हणजे गळतंय, 'सा इन्फुन्दात' म्हणजे तुंबलंय, 'सा आर्स' म्हणजे जळलं, 'नु मेर्जे' म्हणजे चालत नाही, आणि मला हवा होता तो 'प्येर्दे', म्हणजे दाब किंवा पाणी कमी होतंय. फोनवर चार शब्द बोललो आणि माणूस बरोबर सामान घेऊन आला. इथे बॉयलरची तपासणी दर दोन वर्षांनी परवानाधारकाकडूनच करून घ्यावी लागते. लोक तिला नुसतं 'इस्चीर' म्हणतात. तीही तारीख त्याच फेरीत उरकली. मजुरीला 'मानोपेरा', हा शब्दही त्याच पानावर, त्यामुळे बिलात सामान किती आणि मजुरी किती हे वेगळं करून घेता आलं. त्या दिवशी पुस्तिकेचे पैसे वसूल झाले, हे मान्य करतो.

सुतारकामाचं पान मी उगाच चाळायचो. तिथे रंध्याच्या चित्राखाली शब्द निघाला 'रिन्द्या'. आमच्याकडचा सुतार उत्तरेकडच्या मारामुरेश भागातला, वयाने मोठा, त्याला विचारलं तर म्हणाला तुर्कांकडून आलाय. फारसीतून तुर्कांकडे, तिथून यांच्याकडे, आपल्याकडेही फारसीतूनच. तेव्हापासून तो मला त्याच्या रंध्याला हात लावू देतो. मारामुरेशमधली आठ लाकडी चर्च १९९९ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत, हे तो दिवसातून एकदा तरी ऐकवतो.

शिंपी, चांभार, घड्याळजी ही पानं ठीक. वेल्डिंगचं पान पुस्तकी : ग्राइंडरला 'पोलिझोर उन्ग्यूलार' दिलंय, साइटवर सगळे 'फ्लेक्स' म्हणतात. आणि कारागिराला हाक 'मेश्तेरे!' अशी मारायची, हे तर कुठेच नाही. साहेब म्हटलं तर माणूस बघतो, 'मेश्तेरे' म्हटलं तर येतो.

नवी घेऊ नका, जुनी वीस लेईला मिळाली तर जरूर घ्या. अनेकवचनांबद्दल प्रकाशकाला मेल केला होता. उत्तर आलं की ती ॲपमध्ये आहेत, ॲपला महिन्याला वेगळे पैसे. मी त्या 'नोंदी'च्या चार कोऱ्या पानांवर रोज लागणाऱ्या वस्तूंची अनेकवचनं लिंगासकट लिहून काढली आहेत. त्या चार पानांचा फोटो कोणीही मागा, फुकट.