सेकंडहँड चार-सीटर विमान घेताना: सेसना १७२, बोनान्झा, सिरस एसआर२२ आणि डीए४० यांच्या अपघातांचा हिशेब

आमच्या ओळखीतले तिघे मराठी मित्र टेक्सासमध्ये भागीदारीत विमान घेताहेत. तिघांचं प्रायव्हेट पायलट लायसन्स दोन वर्षांच्या आतलं आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं दिसत नसताना फक्त उपकरणं पाहून उडवण्याची परवानगी) एकाकडेही नाही. यादीत चार नावं आहेत, सगळी एका इंजिनाची. बजेटपेक्षा मोठा प्रश्न घरच्यांचा आहे: यातलं सुरक्षित कुठलं? मी गेली नऊ वर्षं इथल्या क्लबची विमानं उडवते, म्हणून तो प्रश्न फिरत फिरत माझ्याकडे आला. फोनवर नीट सांगता येईना, म्हणून हे सविस्तर लिहिलं. त्यांच्यासारखे आणखीही असतील.

आधी आकड्यांविषयी. अमेरिकेत छोट्या खासगी विमानांचे जीवघेणे अपघात उड्डाणाच्या दर लाख तासांमागे साधारण एक या आसपास असतात. सगळे अपघात धरले, तर जवळजवळ तीन-चतुर्थांशांत कारण वैमानिकाच्या निर्णयात किंवा हाताळणीत सापडतं. यंत्राचा बिघाड बराच मागे राहतो. पण या दरावरून दोन विमानांची थेट तुलना केली तर फसगत होते. १७२चे बहुतेक तास विमानतळाच्या आसपास, दिवसाढवळ्या, शेजारी इन्स्ट्रक्टर बसलेला असताना भरतात. बोनान्झा आणि सिरस घेणारा माणूस पाचशे मैलांवर पोहोचण्यासाठी घेतो आणि वाटेत हवामान त्याला गाठतं. त्यामुळे दर बाजूला ठेवून मी वेगळं विचारते: हे विमान माणसाच्या कुठल्या चुकीवर पडतं, आणि ती चूक तुमच्या हातून होण्यासारखी आहे का?

सुरुवात बोनान्झापासून करते, कारण तिघांतल्या एकाचा जीव तिच्यावर जडला आहे आणि तिचा इतिहास सर्वांत लांब आहे. डिसेंबर १९४५मध्ये पहिलं उड्डाण आणि १९४७पासून विक्री. सुरुवातीचं मॉडेल ३५ म्हणजे ती प्रसिद्ध व्ही-आकाराची शेपटी. चाकं आत जाणारी, अंग गुळगुळीत, वेग त्या काळी थक्क करणारा. हे विमान परवडायचं ते डॉक्टर-वकिलांना. त्यांच्याकडे पैसा असायचा, उड्डाणाचे तास कमी असायचे. त्यातून ‘डॉक्टर किलर’ हे नाव तिला चिकटलं.

हवेतच शेपटी किंवा पंख तुटून विमानाचे तुकडे होणं हा तिच्यावरचा सर्वांत गंभीर डाग. यात यंत्राचा दोष होता, तो झाकण्यात अर्थ नाही. १९५१च्या सी३५ मॉडेलपासून शेपटीची रुंदी वाढवली, पण पुढच्या स्पारच्या (आतल्या आधाराच्या तुळईच्या) पुढे आलेल्या भागाला खालून पुरेसा आधार नव्हता. वेग मर्यादेबाहेर गेला की तो भाग वाकायचा. १९८७मध्ये शेपटीच्या मुळाशी धातूचे मजबुतीचे पट्टे बसवणं सक्तीचं झालं. पण वेग मर्यादेबाहेर जायचा कसा? बहुतेकदा ढगात. क्षितिज दिसेनासं झालं की कानातला तोल खोटं सांगू लागतो. विमान नकळत एका बाजूला कलतं, नाक खाली जातं. गुळगुळीत विमान असल्यामुळे वेग काही सेकंदांत लाल रेषेपलीकडे जातो. घाबरलेला माणूस योक (हातातलं सुकाणू) ओढतो आणि शेपटीवर असह्य भार येतो.

१९५४मध्ये इलिनॉय विद्यापीठात झालेला एक प्रयोग मी प्रत्येक नव्या पायलटला सांगते. इन्स्ट्रुमेंटचं प्रशिक्षण नसलेल्या वीस जणांना बाहेरचं दिसणार नाही अशा कृत्रिम परिस्थितीत विमान चालवायला दिलं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. आणि त्या प्रयोगासाठी निवडलेलं विमान होतं बोनान्झा सी३५.

३ फेब्रुवारी १९५९च्या रात्री आयोवात क्लिअर लेकजवळ पडलेली बोनान्झाही याच साखळीतली. गायक बडी हॉली, रिची व्हॅलेन्स, जे. पी. रिचर्डसन आणि २१ वर्षांचा वैमानिक, चौघेही गेले. वैमानिकाकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग नव्हतं, अंधार होता, हिमवर्षाव सुरू होत होता. त्यात विमानातला कल दाखवणारा गायरो त्याच्या सवयीच्या उपकरणापेक्षा उलट्या पद्धतीने चित्र दाखवत होता. चाळीस वर्षांनी, जुलै १९९९मध्ये, जॉन एफ. केनेडी ज्युनियर पायपर साराटोगा घेऊन मार्थाज व्हिनयार्डजवळ समुद्रात कोसळला. रात्र, धुरकट हवा, खाली काळं पाणी, इन्स्ट्रुमेंट रेटिंग नाही. विमान वेगळं होतं, कंपनी वेगळी होती आणि कारण तेच. म्हणून सरळ शेपटीची बोनान्झा, म्हणजे ३३ किंवा ३६, घेतली तर तुकडे होण्याची भीती खूप कमी होते, पण ढगात ताबा सुटण्याची भीती तशीच राहते. तिघांपैकी जो बोनान्झासाठी आग्रह धरतो आहे, त्याने हे वाक्य पुन्हा वाचावं अशी माझी मनापासून विनंती आहे.

तिची आणखी एक खोड. १९८४च्या आधीच्या बऱ्याच बोनान्झांमध्ये गिअरची (चाकं आत-बाहेर करणारी) आणि फ्लॅपची (हळू उतरायला मदत करणाऱ्या पंखामागच्या झडपांची) बटणं इतर विमानांच्या उलट जागी आहेत. लँडिंगनंतर रनवेवरच फ्लॅप वर घ्यायला हात जातो आणि चाकं आत जातात. असे प्रकार इतके झाले की एनटीएसबी या अमेरिकेच्या अपघात-तपास संस्थेने १९८०मध्ये त्यावर खास अहवाल काढला. १७२वर शिकलेल्या हाताला ही अडचण जास्त येते, कारण १७२ला आत घ्यायची चाकंच नाहीत.

सेसना १७२चा प्रकार अगदी वेगळा. १९५६पासून ४४ हजारांहून अधिक बनली, जगात दुसरं कुठलंच विमान इतक्या संख्येने बनलेलं नाही. अपघातही अर्थातच भरपूर, पण बहुतेक रनवेवरचे. उसळून पुन्हा आपटणं, नाकाचं चाक आधी टेकल्यामुळे फायरवॉल (इंजिनामागची धातूची भिंत) वाकणं, क्रॉसविंडमध्ये (आडव्या वाऱ्यात) रनवेच्या बाजूला जाणं. विमान दुरुस्तीला जातं, माणसं बहुधा चालत घरी येतात. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या मॉडेलांत दमट हवेत, अगदी २० अंश तापमानालाही, कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचून इंजिनाची ताकद जाते. कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा कार्ब हीटचा दांडा वेळेवर ओढायची सवय लागली की हा धोका जवळपास संपतो. १९९६नंतर उत्पादन पुन्हा सुरू झालं, त्या मॉडेलांत फ्युएल इंजेक्शन आहे, तिथे हा प्रश्नच नाही.

जुन्या सेसनांची सीट हा मात्र खरा यांत्रिक धोका. रुळाची भोकं झिजली की टेकऑफला नाक वर होताच सीट मागे घसरते. हातातला योक तसाच ओढला जातो आणि विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल तुटते. रुळांची ठरावीक तपासणी सक्तीची आहे. विकत घेताना मेकॅनिककडून भोकं मोजून घ्या, विक्रेत्याच्या शब्दावर राहू नका.

आणि चार सीट आहेत म्हणून चार माणसं बसवू नका. उन्हाळ्यात, उंचावरच्या विमानतळावर १६० हॉर्सपॉवरची १७२ चार जणांना घेऊन उठतच नाही, किंवा उठते आणि समोरची टेकडी ओलांडत नाही. कोलोरॅडोतलं लेडव्हिल ९,९३४ फुटांवर आहे. तिथे सुट्टीला जायचे बेत तिघांनी माझ्यासमोरच आखले होते.

इंधनात १७२ला मोठा फायदा आहे. पंख वर असल्यामुळे पेट्रोल गुरुत्वाकर्षणाने खाली येतं, आणि टाकी निवडायचा सिलेक्टर ‘बोथ’वर ठेवला की दोन्ही टाक्या एकदम वापरल्या जातात. बोनान्झा, सिरस आणि डीए४० तिन्हींत डावी-उजवी टाकी आपणच बदलायची. एका टाकीत इंधन असताना दुसरी कोरडी पडून इंजिन बंद झाल्याची उदाहरणं अपघातांच्या नोंदींत वर्षानुवर्षं येत राहतात. गायक जॉन डेन्व्हर ऑक्टोबर १९९७मध्ये माँटेरे खाडीत कोसळून गेला, तो घरगुती बांधणीच्या लाँग-ईझेडमध्ये. त्यात सिलेक्टर चक्क डाव्या खांद्यामागे होता. तिकडे हात नेण्याच्या धडपडीत पायाखालचं रडर (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारं पेडल) दाबलं गेलं.

आता सिरस एसआर२२. सर्वांत महाग आणि सर्वांत गैरसमज झालेलं विमान. छतात रॉकेटने उडणारं पॅराशूट आहे, ते विमानासकट सगळ्यांना खाली उतरवतं. ऑक्टोबर २००२मध्ये टेक्सासमधल्याच लुईसव्हिलजवळ देखभालीनंतर एक एलेरॉन (विमान कलवणारी पंखावरची झडप) सुटला आणि पायलटने हँडल ओढून जीव वाचवला. खऱ्या संकटात ते पहिल्यांदाच उघडलं. जानेवारी २०१५मध्ये हवाईकडे निघालेल्या एका एसआर२२चं जादा टाकीतलं इंधन पुढे येईना, तेव्हा पायलटने ठरवून समुद्रावर पॅराशूट उघडलं. कोस्ट गार्डने ते सगळं वरून चित्रित केलं आणि एका क्रूझ जहाजाने त्याला उचललं. आजवर या पॅराशूटने २५०हून अधिक जीव वाचवले आहेत.

एवढं असूनही पहिल्या दशकात सिरसचा जीवघेण्या अपघातांचा दर इतरांपेक्षा चांगला नव्हता. हँडल होतं, लोक ओढत नव्हते. ढगात ताबा सुटतानाही ‘सांभाळतो’ म्हणत राहायचे आणि उंची संपायची. मालकांच्या संघटनेने आणि कंपनीने वेळेवर ओढण्याची सवय प्रशिक्षणातच घालायला घेतली, तेव्हा चित्र बदललं. या विमानात सर्वांत मोठी सुधारणा माणसाच्या डोक्यात झाली, म्हणून मला त्याच्याविषयी आदर आहे.

पण पॅराशूटला उंची लागते. जुन्या मॉडेलांत सरळ उड्डाणात चारशे फूट, स्पिनमध्ये (गरगरत खाली पडण्यात) शिरल्यावर नऊशेच्या वर. जून २०१६मध्ये ह्यूस्टनच्या हॉबी विमानतळावर एसआर२२चंच धाकटं भावंड, एक एसआर२०, मोठ्या जेट विमानांच्या रांगेत उतरायचा प्रयत्न करत होतं. पुन्हा पुन्हा गो-अराउंड (न उतरता परत वर जाणं), नियंत्रकाच्या बदलत्या सूचना, पायलट गोंधळलेली. पुरेसा वेग नसताना फ्लॅप एकदम वर घेतले आणि विमान स्टॉल झालं. तिघांचा मृत्यू. त्या उंचीवर हँडल असून नसल्यासारखंच.

शिवाय एसआर२२ फ्लॅपसह साधारण ६० नॉटला स्टॉल होतं, १७२ त्याहून दहा-बारा नॉट कमी वेगाला. वजनही ३,४०० पौंड विरुद्ध २,५५० पौंड. वजन आणि वेगाचा वर्ग गुणून पाहा: शेतात उतरावं लागलं तर सिरसला दुप्पट ऊर्जा जिरवायची असते. आणि पॅराशूट दर दहा वर्षांनी बदलावं लागतं, त्याचा खर्च हजारो डॉलरांत जातो. सेकंडहँड घेताना ती तारीख आधी विचारा.

डीए४०विषयी थोडक्यात लिहिते, कारण लिहिण्यासारखे अपघातच कमी आहेत. ऑस्ट्रियातलं हे विमान मोटर ग्लायडरच्या घराण्यातून आलेलं. पंख लांब, स्टॉल सौम्य, इंधनाच्या अॅल्युमिनियमच्या टाक्या पंखातल्या दोन स्पारच्या मध्ये जपलेल्या, त्यामुळे आदळल्यावर आग लागण्याचे प्रकार विरळा. आपल्या गोंदियाच्या बिरसी विमानतळावरच्या प्रशिक्षण संस्थेतही विद्यार्थी हेच उडवतात. दोष सांगायचे तर वेग थोडा जास्त ठेवला की ते रनवेवर तरंगत राहतं आणि आखूड रनवे संपतो. कॅनोपी (वरचं काचेचं झाकण) आणि मागचं दार नीट लागलंय ना, हे हाताने तपासावं लागतं. उन्हात आत भट्टी होते, टेक्साससाठी ही गोष्ट लहान नाही.

तिघांसाठी माझं मत असं. आज घ्यायचं तर डीए४०, बजेट नसेल तर फ्युएल इंजेक्शनची १७२. ज्याचा जीव बोनान्झावर आहे त्याने आधी इन्स्ट्रुमेंट रेटिंग पूर्ण करावं, ढगात शंभरेक तास घालवावे, मग सरळ शेपटीचं मॉडेल बघावं. व्ही-शेपटीवर मन अडलंच, तर मजबुतीचे पट्टे आणि शेपटीची तपासणी लॉगबुकमध्ये (विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत) लिहिलेली पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सिरस घ्यायचं असेल तर खरेदीइतकेच पैसे मनाने प्रशिक्षणासाठी वेगळे ठेवा, आणि प्रत्येक टेकऑफआधी ‘या उंचीच्या वर काही झालं तर ओढायचं’ हे शेजारच्या माणसाला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणा.

कुठलंही पसंत पडलं, तरी त्या विमानाचा नोंदणी क्रमांक एनटीएसबीच्या संकेतस्थळावर टाकून बघा. आधी आपटून दुरुस्त झालेलं विमान चांगलं रंगवलं की डोळ्यांना कळत नाही. क्रमांक हाती येताच मला पाठवा, लॉगबुकं वाचायला मी शनिवारी येते.