ई-कोर्ट्स अ‍ॅप आणि ई-फायलिंग: तालुक्याच्या वकिली ऑफिसात कितपत चालतं?

संध्याकाळी ज्युनिअरने कोर्टातून यायचं आणि दिवसभराच्या पुढच्या तारखा डायरीत उतरवायच्या, ही वकिली ऑफिसची जुनी रीत. ‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ हे अ‍ॅप नेमका याच कामाला हात घालतं. अ‍ॅप फुकट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-कमिटीच्या देखरेखीखाली एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेने ते बनवलं आहे आणि कोर्टातला कारकून ज्या सीआयएस (केस इन्फर्मेशन सिस्टिम) प्रणालीत तारीख भरतो, तिथूनच ते माहिती उचलतं. दोन-चार वकील, एक टायपिस्ट आणि एक कारकून एवढ्या पसाऱ्याच्या ऑफिसला हे अ‍ॅप आणि सोबतचं ई-फायलिंग ३.० (दावे ऑनलाइन दाखल करायचं पोर्टल) किती कामाचं, ते इथे पाहू. निकाल आधीच सांगून टाकतो: तारखा बघायला अ‍ॅप उत्तम, डायरी म्हणून अपुरं. ई-फायलिंगमध्ये पोर्टलपेक्षा आपल्याच ऑफिसातला स्कॅनर जास्त वेळा दगा देतो.

अ‍ॅपचा सगळा खेळ सीएनआर नंबरवर, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला मिळणाऱ्या स्वतंत्र ओळख क्रमांकावर चालतो. सोळा अक्षरांचा हा नंबर एकदा फोडून बघितला की कायमचा लक्षात राहतो. समजा नंबर आहे एमएचपीयू ०१ ००१२३४ २०२१. पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग दोन आकडे त्या न्यायालयाच्या आस्थापनेचे, सहा आकडे अनुक्रमाचे आणि शेवटचे चार वर्षाचे. ‘रे.मु.नं. १२३/२०२१’ हा साधा दावा क्रमांक जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुका कोर्टात सापडेल. सीएनआर देशात एकच. तो दावा दाखल होतानाच पडतो, नोंदणी नंतर होते. म्हणून फाइलिंग नंबर आणि रजिस्ट्रेशन नंबर वेगळे असतात आणि एकाच्या रकान्यात दुसरा टाकला की अ‍ॅप ‘रेकॉर्ड नॉट फाउंड’ म्हणून मोकळं होतं. फाइलच्या कव्हरवर पक्षकारांच्या नावाखाली सीएनआर मोठ्या अक्षरांत लिहायची सवय लावली, तर निम्मी शोधाशोध तिथेच संपते. आणखी एक: अपिलाला स्वतःचा नवा सीएनआर मिळतो. मूळ दाव्याचा नंबर सेव्ह केला म्हणून अपिलाची तारीख आपोआप दिसू लागत नाही.

सुरुवातीला ऑफिसची सगळी प्रकरणं अ‍ॅपमध्ये भरायची कशी? एकेक सीएनआर टाकत बसू नका. वकिलाच्या नावाने शोधायची सोय आहे, पण त्यातही नाव न टाकता बार कौन्सिलचा नंबर टाका: महाराष्ट्र-गोव्यासाठी ‘एमएएच’, मग सनदेचा (वकिलीच्या परवान्याचा) क्रमांक, मग वर्ष. नावाने शोधलं की स्पेलिंगचा गोंधळ सुरू होतो. जाधवमधला शेवटचा ‘व’ पुण्यात ‘व्ही’ने लिहितात, विदर्भात बरेच जण ‘ओ’ने. कारकुनाने मधलं नाव गाळलेलं असतं किंवा आद्याक्षरांत एक जागा जास्त सोडलेली असते. सनदेच्या नंबरने आलेली यादी डायरीशी ताडून बघा. ज्या प्रकरणात वकीलपत्र दाखल आहे पण यादीत नाव नाही, तिथे सीआयएसमध्ये अजून आधीच्या वकिलाचं नाव असतं किंवा आपला सनद क्रमांक भरलेलाच नसतो. हे कोर्टाच्या कार्यालयात सांगून दुरुस्त करून घ्यायचं असतं, अ‍ॅपमधून होत नाही. तिथे गेलाच आहात तर मोबाइल नंबरही तपासा. सीआयएसमधून जाणारे एसएमएस नोंदवलेल्या नंबरावरच जातात, आणि तो नंबर दहा वर्षांपूर्वीचा असेल तर ते भलत्याच माणसाला पोचत असतात. तीनशे चालू प्रकरणांच्या ऑफिसला या सगळ्यासाठी दोन-तीन संध्याकाळी लागतील. त्या द्याव्यात.

एकदा ‘माय केसेस’ भरलं की अ‍ॅपची मजा कळते. आजच्या तारखेची प्रकरणं एका बटणावर दिसतात. कोणतंही प्रकरण उघडलं की पुढची तारीख, टप्पा, न्यायाधीश, दोन्ही बाजूंचे वकील दिसतात आणि खाली तारखांचा सगळा इतिहास. इतिहासातल्या तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशी काय झालं ते वाचता येतं; पक्षकार फोनवर ‘मागच्या वेळी काय झालं हो वकीलसाहेब?’ विचारतो तेव्हा हीच जागा कामाला येते. निशाणी ५ वरचा (तात्पुरत्या मनाईच्या अर्जावरचा) आदेश अपलोड झाला असेल तर तो पीडीएफमध्ये मिळतो. मात्र ही छापील प्रत म्हणजे प्रमाणित नक्कल नव्हे. अपिलाला जोडायला नक्कल अर्ज करावाच लागतो आणि तो लगेच करावा, कारण नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात. अर्जच उशिरा केला तर वजा काय होणार? जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस, हे हिशेब अ‍ॅप करत नाही. कैफियतीचे (प्रतिवादीच्या लेखी उत्तराचे) ३० दिवस, न्यायालयाने वाढवले तर ९०, हेही नाही. कलम १३८ च्या, म्हणजे चेक न वटल्याच्या प्रकरणात तर अडचण आणखी मोठी: चेक परतल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर १५ दिवस वाट, मग एक महिन्यात फिर्याद. ही सगळी घड्याळं सीएनआर पडण्याआधी चालू होतात, म्हणजे अ‍ॅपच्या दृष्टीने ते प्रकरण अजून जन्मालाच आलेलं नसतं. म्हणून म्हटलं, डायरी म्हणून अपुरं. मुदतींचं वेगळं रजिस्टर हवं. ते कागदी असो की फोनच्या कॅलेंडरात, पण दोन माणसांना दिसणारं असावं.

तारखांच्या बाबतीतही एक गोष्ट समजून घ्यावी. अ‍ॅपमध्ये तारीख दिसते ती कारकुनाने भरल्यावर. न्यायाधीश साहेब रजेवर असले की बोर्डावरची सगळी प्रकरणं पुढे जातात आणि नोंद संध्याकाळी होते किंवा दुसऱ्या दिवशी. तोवर जुनीच तारीख दिसते किंवा ‘नेक्स्ट डेट इज नॉट गिव्हन’. रोजनाम्यावर (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) १४ लिहिलं आणि प्रणालीत १७ पडलं, असंही होऊ शकतं. त्यामुळे कोर्टात ऐकलेली तारीख डायरीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अ‍ॅप रिफ्रेश करून दोन्ही ताडा. जिथे फरक दिसेल तिथे कोर्टात जाऊन विचारा. या कामाला एकच माणूस नेमलेला असावा. ‘कोणीतरी बघेल’ असं ठेवलं की कोणीच बघत नाही.

टप्प्यांची भाषा इंग्रजी आणि मोघम आहे: ‘समन्स अनरेडी’, ‘एव्हिडन्स’, ‘स्टेप्स’. समन्स बजावलं गेलं की बेलिफाच्या पिशवीतच आहे, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी बजावणीचं काम बघणाऱ्या नाझरच्या कार्यालयाची पायरी अजून चढावीच लागते.

सर्वांत मोठा धोका फोनचा. सेव्ह केलेली प्रकरणं त्या फोनमध्येच असतात. फोन हरवला, अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, की यादी गेली. अ‍ॅपमध्ये एक्स्पोर्टची सोय आहे. त्यातून निघणारी छोटी फाइल महिन्यातून एकदा ऑफिसच्या मेलवर पाठवा; नव्या फोनवर इम्पोर्ट केली की सगळं परत. हीच फाइल ज्युनिअरच्या फोनवर टाकली तर त्यालाही तीच यादी मिळते. जिल्हा न्यायालयं आणि उच्च न्यायालय यांची यादी वेगवेगळी आहे, तेव्हा एक्स्पोर्टही दोन्हीकडचा करा. इंटरनेट नसलेल्या गावी गेलात तर एसएमएसची सोय आहे: इंग्रजीत ‘ईकोर्ट्स’, एक जागा, मग सीएनआर, आणि ९७६६८९९८९९ वर पाठवायचं.

आता ई-फायलिंग. सनद क्रमांक, मोबाइल आणि मेल देऊन नोंदणी होते. पुढे न्यायालय निवडणं, पक्षकारांची माहिती, कागद चढवणं, कोर्ट फी, सही, असा क्रम आहे. शेवटी मिळणारा ई-फायलिंग क्रमांक म्हणजे सीएनआर नव्हे. कोर्टाच्या बाजूने तपासणी होते, त्रुटी निघाल्या तर परत येतं, स्वीकारलं की मग सीआयएसमध्ये जातं. क्रमांक मिळाला म्हणून दावा दाखल झाला असं पक्षकाराला कळवू नये. लॉगिन करून रोज स्थिती बघावी.

खरी मेहनत स्कॅनिंगची. मानक ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. त्या हिशेबाने ए-४ पान म्हणजे २४८० गुणिले ३५०८ ठिपके, ८७ लाख. रंगीत स्कॅन केलं तर एका पानाचा कच्चा माल २६ एमबी. कॉम्प्रेस होऊनही फाइल जड राहते आणि दीडशे पानांची दस्तऐवज यादी चढता चढत नाही. काळं-पांढरं केलं तर तेच पान सहसा १०० केबीच्या आसपास बसतं. म्हणून टाइप केलेला दावा, शपथपत्र, नोटिसा काळ्या-पांढऱ्यात. जुने खरेदीखत, फिकट शिक्के, निळ्या शाईच्या सह्या ग्रे-स्केलमध्ये. फिकट जांभळा शिक्का काळ्या-पांढऱ्यात पार उडून जातो आणि मग दस्तावर नोंदणी क्रमांकच नाही असं दिसतं. हिरव्या लेजर कागदावरची जुनी कागदपत्रं उलट त्रास देतात: सगळी पार्श्वभूमी राखाडी होते. बऱ्याच ऑफिस स्कॅनरांत हिरवा रंग गाळायचा पर्याय असतो, तो शोधून काढा.

दुसरी हमखास चूक आकाराची. स्टँप पेपर आणि जुन्या नकला लीगल आकाराच्या, १४ इंच लांब. स्कॅनर ए-४ वर ठेवलेला असेल तर खालचे सव्वादोन इंच कापले जातात, आणि सह्या नेमक्या तिथेच असतात. फीडरमध्ये कागद घालण्याआधी पिना काढा, टॅग सोडवा. पन्नास वर्षांचा ठिसूळ दस्त फीडरमध्ये घालूच नका, काचेवर ठेवा. मोडी कागद असेल तर ओसीआर (स्कॅनमधला मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर) काहीही काढणार नाही, त्याला मोडी वाचकाचं लिप्यंतर जोडावंच लागतं.

मराठी मजकुराचं दुखणं वेगळं. बहुतेक टायपिस्टांचा हात श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटवर बसलेला आहे. छापलं की सुंदर दिसतं. पीडीएफमध्ये मात्र शोध चालत नाही आणि मजकूर कॉपी केला तर इंग्रजी अक्षरांचा कचरा निघतो. युनिकोडवर जायलाच हवं. त्यासाठी टायपिस्टला नव्याने शिकवायची गरज नाही. टायपरायटरचा की-बोर्ड युनिकोडमध्येही मिळतो. जुने मसुदे कन्व्हर्टरमधून काढले की रफार, ‘ऱ्य’ आणि ‘क्ष’ एकदा डोळ्यांनी तपासा, आणि आकडे दोनदा. गट नंबर ६१ चा ६७ झाला तर मिळकतीचं वर्णनच चुकतं.

डिजिटल सहीची एक युक्ती बऱ्याच जणांना फटका बसल्यावर कळते: आधी सर्व पानं जोडा, क्रमांक द्या, बुकमार्क लावा, आणि सगळ्यात शेवटी सही करा. सहीनंतर दुसरी पीडीएफ जोडली की सही अवैध दिसते. सहीच्या यूएसबी टोकनमधलं प्रमाणपत्र जास्तीत जास्त तीन वर्षांचं असतं. संपायची तारीख त्याच मुदतींच्या रजिस्टरमध्ये लिहा. आधारची ई-सही करायची तर ओटीपी पक्षकाराच्या आधारशी जोडलेल्या मोबाइलवर जातो, आणि तो मोबाइल मुंबईत कामाला असलेल्या मुलाकडे असतो. पक्षकाराला बोलावण्याआधी हे विचारा. कोर्ट फी राज्य सरकारच्या ‘ग्रास’ प्रणालीतून भरली जाते. तिथे जिल्हा आणि खातं निवडताना घाई केली तर पैसे जातात, चलन भलत्याच शीर्षाखाली निघतं आणि परताव्याचा खेटा मागे लागतो.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं काम असलेल्या ऑफिसने एक शिस्त आत्ताच लावावी. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र दोन भागांत द्यावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा) लिहावी लागते. अशा प्रमाणपत्राची गरज किती कडक, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जालन्याच्या निवडणूक वादातच, खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात, जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब बद्दल सांगितलं होतं. पक्षकार फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवतो तेव्हा तो दाबला जातो आणि हॅश बदलते. मूळ फोन ऑफिसात आणायला सांगा, केबलने फाइल घ्या, हॅश तिथेच काढून लिहून ठेवा.

मग पैसे देऊन घ्यायचं केस मॅनेजमेंट सॉफ्टवेअर हवं का? तारखांसाठी हवं असेल तर विचार करा: जिल्हा न्यायालयाच्या तारखा तेही ई-कोर्ट्समधूनच उचलतं. कारकुनाने तारीख भरली नाही तर महागड्या सॉफ्टवेअरलाही ती कळणार नाही. पैसे द्यायचे ते चार वकिलांना एकच यादी दिसावी, कागद प्रकरणाला चिकटून राहावेत, फीची बिलं निघावीत यासाठी. शंभरेक प्रकरणांच्या ऑफिसला फुकट अ‍ॅप, एक शेअर केलेली शीट आणि नीट नावं दिलेले फोल्डर पुरतात. घ्यायचंच ठरलं तर विक्रेत्याला डेमोतच सगळी प्रकरणं एक्सेलमध्ये काढून दाखवायला सांगा, कागदांसकट. आणि खातं ज्युनिअरच्या मोबाइलवर उघडू नका. तो स्वतःची प्रॅक्टिस सुरू करायला गेला की ओटीपी त्याच्याबरोबर जातो.