मायनस की प्लस, व्हिडिओ की डेटा : गावच्या प्लेअरवर लागेल अशी डीव्हीडी राइट करताना

दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, मंडई (गावची जत्रा), शंकरपट (बैलांची शर्यत) आणि रात्र-रात्र चालणारी नाटकं सुरू होतात. पुढे वैशाखात लग्नांची गर्दी. या सगळ्याचं शूटिंग होतं. वडसा, ब्रह्मपुरी, साकोलीकडच्या कितीतरी घरांत आजही जुना पेटी टीव्ही आणि त्याखाली डीव्हीडी प्लेअर आहे. त्यामुळे ज्याच्या घरी संगणक आणि रायटर (डिस्कवर लिहिणारं यंत्र), त्याच्याकडे डिस्क राइट करून मागायला लोक येतातच. डिस्क घेऊन जातात आणि संध्याकाळी फोन येतो, "भाऊ, सीडी लागूनच नाही राहिली."

या एका वाक्यामागे चार वेगवेगळी कारणं असू शकतात. कोरी डिस्क चुकीच्या प्रकारची, फाइल चुकीच्या स्वरूपात, डिस्क बंद केलेली नाही, किंवा जास्त वेगात राइट केली. म्हणून राइट करायला बसण्याआधी एकच प्रश्न विचारा: ही डिस्क कशावर लागणार आहे? बाकीचे सगळे निर्णय या उत्तरावर ठरतात.

व्हिडिओ डीव्हीडी की डेटा डीव्हीडी?

सगळ्यात जास्त डिस्क इथेच वाया जातात. मोबाइलवरची एमपी-४ फाइल उचलून कोऱ्या डिस्कवर टाकली, तर ती डेटा डीव्हीडी होते. संगणकावर ती मस्त चालते. जुना प्लेअर मात्र डिस्क फिरवतो, थांबतो आणि 'नो डिस्क' दाखवतो. त्याला एमपी-४ कळतच नाही. काही प्लेअरवर डिव्हएक्स या जुन्या व्हिडिओ प्रकाराची खूण असते. ते डेटा डिस्कवरच्या एव्हीआय फाइल चालवतात, पण मोबाइलची आजची फाइल त्यांनाही झेपत नाही.

व्हिडिओ डीव्हीडीत चित्र एमपेग-२ या जुन्या पद्धतीत बदललेलं असतं. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत ते ७२० × ५७६ ठिपक्यांचं आणि सेकंदाला २५ चौकटींचं असतं. डिस्कवर 'व्हिडिओ_टीएस' नावाचा फोल्डर असतो आणि त्यात व्हीओबी, आयएफओ, बीयूपी अशा फाइल. हे सगळं नियमाप्रमाणे असलं की बहुतेक कुठलाही प्लेअर ती चालवतो. अडचण एवढीच, की फाइल बदलायला संगणकाला वेळ लागतो. जुन्या मशीनवर लग्नाचं लांब शूटिंग रात्रभर लावून ठेवावं लागतं. शिवाय मोबाइलच्या फुल एचडी चित्राची स्पष्टता कमी होते. पेटी टीव्हीवर तो फरक कळत नाही, मोठ्या नव्या टीव्हीवर कळतो.

माझं मत पक्कं आहे. डिस्क दुसऱ्याच्या घरी जाणार असेल तर व्हिडिओ डीव्हीडीच करा, कितीही वेळ लागो. फोटो, सात-बाराच्या स्कॅन प्रती, मूळ शूटिंग असं आपल्या संगणकासाठी जपायचं असेल तेव्हा डेटा डीव्हीडी. त्यात फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि छोटं ठेवा. मराठी नावं संगणकावर नीट दिसतात. प्लेअरच्या पडद्यावर मात्र त्यांच्या जागी बहुधा चौकोन येतात.

मायनस आर, प्लस आर, आरडब्ल्यू

दुकानात दोन्ही डिस्क सारख्याच दिसतात, किंमतही जवळपास तीच. मायनस आर (डिस्कवर 'DVD-R' लिहिलेली) हा डीव्हीडी फोरम या कंपन्यांच्या गटाचा प्रकार, १९९७ पासूनचा. प्लस आर ('DVD+R') दुसऱ्या गटाने २००२ मध्ये आणला. दोन्हींवर ४.७ जीबी मावतं. विंडोजमध्ये ते ४.३८ दिसतं, कारण तिथे मोजायची पद्धत वेगळी आहे. दुकानदाराने फसवलं असं नाही.

फरक जुन्या प्लेअरवर कळतो. प्लस आर बाजारात यायच्या आधीच्या प्लेअरला तो प्रकार माहीतच नाही. डिस्कच्या सुरुवातीला तिचा प्रकार लिहिलेला असतो, त्याला बुक टाइप म्हणतात. प्लेअर तो वाचतो आणि ओळखीचा नसेल तर डिस्क परत करतो. मायनस आर अशा प्लेअरवर चालण्याची शक्यता जास्त.

पण प्लस आरला एक सोय आहे, जी मायनस आरला नाही. काही रायटर प्लस आर डिस्कवर राइट करताना बुक टाइपच्या जागी 'डीव्हीडी-रॉम' लिहू शकतात, म्हणजे कारखान्यात छापलेली डिस्क. इमेजबर्न या राइट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'चेंज बुक टाइप' असा पर्याय आहे, तिथून हे करता येतं. मात्र रायटरने साथ द्यायला हवी. काही कंपन्यांचे रायटर हे करूच देत नाहीत. रायटर देत असेल, तर बुक टाइप बदललेली प्लस आर हट्टी प्लेअरवरही बऱ्याचदा लागते. देत नसेल, किंवा एवढ्या खोलात जायचं नसेल, तर मायनस आर घ्या.

आरडब्ल्यू म्हणजे पुसून पुन्हा वापरायची डिस्क. कागदावर हजार वेळा. वाटायला ती घेऊ नका. तिच्यावरून परतणारा प्रकाश साध्या डिस्कपेक्षा बराच कमी असतो आणि जुन्या प्लेअरच्या थकलेल्या लेझरला ती वाचता येत नाही. पण एक आरडब्ल्यू घरी असावीच: मेनू बरोबर झाला का, आवाज जुळतो का, हे आपल्या प्लेअरवर आधी तिच्यावर बघायचं आणि मग खऱ्या डिस्ककडे वळायचं.

राहिली ८.५ जीबीची दोन थरांची डिस्क. ती महाग असते आणि पहिल्या थरावरून दुसऱ्यावर जाताना जुने प्लेअर अडखळतात. गावात वाटायला दोन साध्या डिस्क बऱ्या.

पाच तासांचं नाटक एका डिस्कवर मावतं का?

मावतं. बघण्यासारखं राहत नाही.

डिस्कची जागा ठरलेली आहे. वेळ वाढला की प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला येणारी माहिती, म्हणजे बिटरेट, कमी होतो. डीव्हीडीत चित्रासाठी सेकंदाला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट चालतात. तासाभराच्या शूटिंगला ८ ते ९ देता येतात आणि चित्र उत्तम राहतं. दोन तासांना साधारण ५, तेही चांगलंच. तीन तासांना साडेतीनच्या आसपास. लग्नातलं स्टेजवरचं संथ चित्र एवढ्यात चालून जातं. पाच-सहा तास एका डिस्कवर कोंबले की दोनच्या खाली येतं.

झाडीपट्टीच्या नाटकाला ही काटकसर सगळ्यात जास्त महागात पडते. मंडपात अंधार, रंगमंचावर लाल-निळे फिरते दिवे, आणि मध्येच लावणी सुरू झाली की सगळंच हलतं. हलणारं आणि अंधारं चित्र दाबायला सगळ्यात कठीण. बिटरेट कमी असला की नाचणारीच्या चेहऱ्यावर चौकोन पडतात आणि मागचा पडदा चिखलासारखा दिसतो. इतक्या मेहनतीने उभं राहिलेलं नाटक असं बघायला जिवावर येतं. म्हणून अंक संपेल तिथे तोडा आणि दोन-दोन तासांच्या डिस्क करा. दोन-तीन कोऱ्या डिस्कचे पैसे जास्त लागतील, लागू द्या. आणि वाटण्याआधी नाटक मंडळीला विचारा. तिकिटावर त्यांचं पोट आहे.

सेटिंग : विंडोजचे दोन पर्याय, डिस्क बंद करणं, वेग

कोरी डिस्क टाकली की विंडोज विचारतं: 'लाइक अ यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह' की 'विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेअर'? पहिल्यात डिस्क पेन ड्राइव्हसारखी वापरता येते, फाइल टाका, काढा. आकर्षक वाटतं, पण तशी डिस्क घरच्या प्लेअरला वाचता येत नाही. आणि मायनस आर किंवा प्लस आरवर फाइल काढली तरी जागा परत मिळत नाही. बाहेर द्यायच्या डिस्कसाठी दुसराच पर्याय. तोही काही डेटाची व्हिडिओ डीव्हीडी करत नाही. व्हिडिओ_टीएस आधी तयार हवा.

राइट करून झाल्यावर डिस्क बंद करायची असते. सॉफ्टवेअरमध्ये याला 'फायनलाइज' किंवा 'क्लोज डिस्क' म्हणतात. 'मल्टिसेशन' चालू ठेवलं तर पुढे आणखी फाइल टाकायला वाट राहते, पण प्लेअरला डिस्कचा शेवट सापडत नाही. व्हिडिओ डीव्हीडीला मल्टिसेशन कधीच नको.

वेगाबद्दल बरेच जण सांगतात, जितकं हळू तितकं चांगलं. ते पूर्ण खरं नाही. १६ एक्स (म्हणजे मूळ वेगाच्या सोळा पट) लिहिलेल्या आजच्या डिस्क अगदी सावकाश राइट करण्यासाठी बनवलेल्या नसतात. ८ एक्स हा मधला वेग घ्या, डिस्क आठ-नऊ मिनिटांत होते. ८ एक्सची डिस्क असेल तर ४ एक्स, पंधरा मिनिटं. पूर्ण १६ एक्सवर फक्त पाच-सहा मिनिटांत काम होतं, पण डिस्कच्या बाहेरच्या कडेला चुका वाढतात. म्हणूनच "शेवटी अडकते" ही तक्रार येते, कारण डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते.

कोणतं सॉफ्टवेअर?

विंडोज ७ मध्ये डीव्हीडी मेकर होतं, विंडोज ८ पासून काढून टाकलं. आता विंडोजमधून डेटा डिस्क आणि आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत) राइट होते, व्हिडिओ डीव्हीडी तयार होत नाही. त्यासाठी डीव्हीडीस्टायलर फुकट मिळतं. ते फाइल बदलतं, मेनू करतं आणि राइटही करतं. नवीन प्रोजेक्ट उघडताना पाल निवडा. एनटीएससी ही अमेरिकेकडची पद्धत राहिली तर काही जुन्या टीव्हीवर चित्र काळं-पांढरं होतं किंवा वर-खाली सरकतं.

इमेजबर्न फाइल बदलत नाही, फक्त राइट करतं. पण राइट करण्यात ते फार भरवशाचं. २०१३ नंतर नवी आवृत्ती आली नाही, तरी काम अडत नाही. इन्स्टॉल करताना सोबत दुसरं काही येत असेल तर त्यावरची खूण काढा. माझा सल्ला, डीव्हीडीस्टायलरने आयएसओ बनवा आणि इमेजबर्नने 'व्हेरिफाय' (लिहिलेलं पुन्हा वाचून तपासणं) चालू ठेवून राइट करा. लिनक्स असेल तर त्याच कामाला के३बी.

राइटच होत नसेल तर

'पॉवर कॅलिब्रेशन एरर' आली, तर रायटरने सुरुवातीला लेझरची ताकद चाचपून बघितली आणि ती जमली नाही. धानाच्या मळणीच्या दिवसांत घरभर उडणारी धूळ लेन्सवर बसते, तेव्हा हे जास्त होतं. आधी दुसऱ्या कंपनीची डिस्क टाकून बघा, मग लेन्स साफ करा. तरीही तेच आलं तर लेझर थकला, रायटर बदला. जुन्या बंडलांबद्दलही सावध राहा. आपल्याकडे घरोघरी जिच्या डिस्क दिसायच्या ती मोझर बेअर कंपनी २०१८ मध्ये लिक्विडेशनमध्ये, म्हणजे दिवाळखोरीत विकून टाकण्याच्या प्रक्रियेत, गेली; तिच्या नावाचा माल कुठे मिळालाच तर तो किती उन्हाळे पाहून आला असेल याचा विचार करा.

बाहेरचा यूएसबी रायटर मध्येच बंद पडत असेल तर त्याला वीज पुरत नाही. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागच्या पोर्टला लावा, हब नको. जुन्या एक्सपी मशीनवर राइटिंग अचानक रखडू लागलं, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये रायटर डीएमए या वेगवान मोडवरून पीआयओ या संथ मोडला घसरलाय का ते बघा.

आणि लाइन, म्हणजे वीज. आजच्या रायटरना डेटा क्षणभर थांबला तरी सांभाळता येतं, पण वीज गेली की मायनस आर किंवा प्लस आर कायमची गेली. यूपीएस नसेल तर लॅपटॉपची बॅटरी भरून त्यावर राइट करा.

की सरळ पेन ड्राइव्ह?

ज्यांच्याकडे यूएसबीचा नवा टीव्ही आहे त्यांना पेन ड्राइव्ह द्या. एमपी-४ थेट चालते, चित्र पूर्ण स्पष्ट, फाइल बदलायची भानगड नाही. फक्त पेन ड्राइव्हच्या फॅट३२ या फॉरमॅटमध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल जात नाही, तेव्हा लांब शूटिंगचे तुकडे करा. पण पेन ड्राइव्ह परत येतो तेव्हा त्यावर गाणी भरलेली असतात आणि लग्न पुसलेलं असतं. डिस्क कुणी पुसू शकत नाही. आजोबा-आजींसाठी, ज्यांना एकच बटण दाबायचं आहे, डीव्हीडीच द्या.

डिस्कवर कागदी स्टिकर चिकटवू नका. उन्हात ते आखडतं आणि डिस्क डगमगते. नाव पाण्याच्या शाईच्या मार्करने लिहा. टिनाच्या छताखाली किंवा खिडकीत ठेवू नका, आपल्याकडचा मे महिना पारा पंचेचाळिशीवर नेतो आणि राइट केलेल्या डिस्कमधला रंग उष्णतेने व उन्हाने विटतो. मूळ फाइल मात्र डीव्हीडी झाली म्हणून डिलीट करू नका. व्हिडिओ डीव्हीडीतून ते जुनं स्पष्ट चित्र परत काढता येत नाही. ती हार्ड डिस्कवर आणि शिवाय एका डेटा डीव्हीडीवर राहू द्या.