एसी आउटडोअरचा तयार पिंजरा: डबा वाचतो, नळी जाते

बंद घराच्या एसीवर डोळा ठेवणाऱ्या चोराला बहुतेक वेळा अख्खा आउटडोअर (भिंतीबाहेरचे युनिट) नकोच असतो. तो जड, उतरवायला वेळखाऊ. हवी असते ती तांब्याची नळी. दीड टनाच्या एसीला साधारणपणे पाव इंची आणि अर्धा इंची अशा दोन नळ्या असतात, 0.8 मिमी जाडीच्या 3 मीटर जोडीत सव्वा किलोच्या आतबाहेर तांबे भरते. मालकाला मात्र नवी नळी, व्हॅक्यूम (नळीतली हवा पंपाने काढणे) आणि गॅस असा तिहेरी भुर्दंड. वर उघड्या टोकातून शिरलेला दमटपणा कॉम्प्रेसरच्या तेलात मुरतो.

चोरीपासून वाचायला बाजारातून आणलेला तयार पिंजरा नेमका इथेच फसतो. आउटडोअरभोवती जाळी भक्कम, पण व्हॉल्व्हपासून भिंतीतल्या भोकापर्यंतची नळी उघडीच. अनेक पिंजरे पातळ पत्र्याच्या पोकळ पाइपचे असतात. हॅकसॉपुढे ते टिकत नाहीत. आणि भिंतीतल्या फास्टनरचे (भोकात फुगून घट्ट बसणाऱ्या बोल्टचे) नट बाहेरून दिसत असतील तर कुलूप कितीही महाग असो, पाना पुरतो.

त्यापेक्षा फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यावा. 12 मिमीची भरीव चौकोनी सळी, 40 मिमीचा अँगल, आणि नळीवर भोकापर्यंत जाणारी पत्र्याची पन्हळ पिंजऱ्यालाच वेल्ड केलेली. पंख्यासमोर बारीक जाळी नको: गरम हवा कोंडते आणि एसी ट्रिप होतो. मागे 10 ते 15 सेंमी मोकळे ठेवा. सर्व्हिससाठी दार व्हॉल्व्हच्या बाजूला हवे, नाहीतर दर वेळी अख्खा पिंजरा उतरवावा लागेल.

कोकणात, गोव्यात चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत असेल तर फास्टनरवर विसंबू नका. चिरा ठिसूळ, तो फुटतो. गोल डोक्याचा बोल्ट आरपार घालून आत जाड पट्टी आणि नट. खाऱ्या हवेत रेड ऑक्साइड (गंजरोधक रंग) फार काळ तग धरत नाही, म्हणून हॉट-डिप गॅल्व्हनाइझ (वितळलेल्या जस्तात बुडवून थर चढवणे) करा, तेही सगळे वेल्डिंग संपल्यावर. आधी केले तर सांध्यावरचा जस्ताचा थर जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

घर वर्षभर बंदच राहणार असेल तर पिंजऱ्याचा खर्च करूच नये. मेकॅनिककडून गॅस आउटडोअरमध्ये ओढून घ्या (पम्प-डाउन), व्हॉल्व्हना आणि नळ्यांच्या टोकांना टोप्या लावा, नळी सोडवून घरात ठेवा. हे काम स्वतः करू नका: एसीतला आर-32 गॅस पेट घेऊ शकतो, आणि पम्प-डाउन करताना हवा आत ओढली गेली तर कॉम्प्रेसर फुटण्याचाही धोका असतो.